हा फोटो कुणाच्या घराचा? (प्रस्तावना)

१६२७९६९८१२४०७ डॉट जेपीजी. मोबाईलवर फॉर्म भरून घेणाऱ्या ओडीके या ॲपमधून फोटो काढला की त्याला असं नाव आपोआप पडतं. १ जानेवारी १९७० या दिवसाच्या आरंभापासून फोटो काढेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, तो हा आकडा. उलगडला की तो आपल्या घड्याळाप्रमाणे ३ ऑगस्ट २०२१, सकाळी ११ वाजून २० मिनिटं आणि १२ सेकंद इथे येऊन थांबतो. उदाहरणादाखल घेतलेला हा फोटो कधीचा, ते त्याच्या नावातच आहे. फोटोत काय आहे ते डोळ्यांना दिसेल: समजा, खचलेली मातीची भिंत, तिच्यावर छातीएवढ्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ, कोपऱ्यात वाळत घातलेल्या गाद्या. पण ती भिंत आंबेवाडीची की राजापूरवाडीची, घर कुणाच्या नावावर आहे, पंचनाम्यात ते कितव्या ओळीला आहे, यातलं काहीच फोटोत नाही. ते सगळं फॉर्ममध्ये आहे. फॉर्म आणि फोटो यांच्यामध्ये दुवा एकच, फॉर्मच्या एका रकान्यात उतरलेला हा तेरा आकडी आकडा. त्या दुव्याची काळजी कशी घ्यायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

फोटो काढायला आता कुणाला शिकवावं लागत नाही. सर्व्हेच्या प्रशिक्षणात फॉर्म कसा उघडायचा, जीपीएस कधी घ्यायचं, उत्तर देणाऱ्याशी कसं बोलायचं यात दिवस जातो. फोटो फोनमधून निघाल्यावर कुठे जातो, कोण उतरवून घेतं, कोण तपासतं, सहा महिन्यांनी मागितला तर कोण शोधून देतं, हे प्रश्न शेवटच्या चहाच्या वेळेला निघतात आणि तिथेच राहतात. माझं म्हणणं असं आहे की गावात काढलेला असा प्रत्येक फोटो हा पुरावा असतो. पुरावा त्याच्या नोंदीपासून तुटला तर सर्व्हे करणाऱ्या संस्थेचा फक्त अहवाल थोडा पातळ होतो. खरं नुकसान होतं त्या घरमालकाचं, ज्याने परक्या माणसाला आपल्या पडक्या घरात येऊ दिलं आणि फोटो काढू दिला.

कोल्हापुरात हा विषय पुस्तकी राहू शकत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तिने पुन्हा तीच उंची गाठली. पाणी असेपर्यंत नावा, जवान, छावण्या आणि बातम्या असतात. पाणी उतरलं की दुसरं काम सुरू होतं आणि ते महिनोन्‌महिने चालतं. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक घरोघर आणि शेतोशेत फिरतात, पाठोपाठ स्वयंसेवी संस्था येतात, कॉलेजची मुलं येतात. एकाच घराचे फोटो तीन-चार फोनमध्ये जातात. घर तेच, पण प्रत्येकाच्या यादीत त्याचं नाव वेगळं, क्रमांक वेगळा, आणि कधी कधी गावही वेगळं, कारण चिखली करवीर तालुक्यात आहे तशी कागल तालुक्यातही आहे.

अशाच एका मदतकार्यानंतरचे फोटो लावून देण्यासाठी एक हार्ड डिस्क माझ्यासमोर आली होती. फोल्डरांची नावं होती ‘शिरोळ नवीन’, ‘शिरोळ नवीन २’, ‘शिरोळ फायनल’, ‘दादांच्या फोनमधले’. मुलांनी भर चिखलात, मनापासून काम केलं होतं. फॉर्मही व्यवस्थित भरले होते. पण रोज संध्याकाळी फोटो आधी ग्रुपवर टाकायचे आणि तिथून कुणीतरी लॅपटॉपवर उतरवायचे, अशी रीत पडली होती. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की दोन गोष्टी होतात. फोटो दाबून लहान केला जातो, आणि त्याच्या पोटात दडलेली वेळ व ठिकाणाची माहिती गळून पडते. घेणाऱ्याच्या फोनमध्ये त्याला नवं नाव मिळतं, त्यातली तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. त्या डिस्कमधल्या शेकडो पडक्या भिंतींपैकी कुठली कुणाची, हे सांगायला शेवटी गावातल्याच लोकांना बोलवावं लागलं. त्यांनी दारं, तुळशीवृंदावनं आणि गोठे ओळखून बरीच घरं लावून दिली. जी ओळखता आली नाहीत, ती तशीच राहिली.

नोंद आणि चित्र यांची ही फारकत जुनीच आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा खंड १८८६ मध्ये निघाला. त्याचा सगळा भर शब्दांवर आणि तक्त्यांवर. त्याच्या थोडं आधी, १८६८ ते १८७५ या काळात, ‘पीपल ऑफ इंडिया’ ही फोटोंची आठ खंडांची मालिका लंडनहून प्रसिद्ध झाली. तिच्यात माणसं भरपूर दिसतात, पण बहुतेकांच्या खाली जातीजमातीचं नाव आहे, माणसाचं नाही. फोटो आहे आणि माणूस हरवलेला आहे, याचं इतकं मोठं उदाहरण आपल्याकडे दुसरं नसेल. पुढे पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगिळांच्या हाताखाली महाराष्ट्रात घरोघरच्या पाहणीची शिस्त रुजली. प्रश्नावली, नमुना निवड, तपासनीस हे सगळं त्या परंपरेतून आलं. फोटोला मात्र त्या कामात फारशी जागा नव्हती.

फोटो आणि नोंद एकत्र ठेवण्याची शिस्त आपल्याकडे खऱ्या अर्थाने आणली ती पुरातत्त्वाने, आणि त्याचा एक धडा कोल्हापुरातच, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर गिरवला गेला. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९५२ मध्ये आला. उत्खननात वस्तू सापडली म्हणजे काम झालं असं नसतं. ती कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात, किती खोलीवर मिळाली हे लिहिलं नसेल तर मडक्याचा तुकडा कितीही सुंदर असला तरी तो मुका असतो. म्हणून पुरातत्त्वातल्या फोटोत मोजपट्टी असते, क्रमांकाची पाटी असते, उत्तर दिशा दाखवलेली असते. फोटोची ओळख फोटोच्या आतच ठेवलेली असते. या पुस्तकातली सगळ्यात उपयोगी सूचना तिथूनच घेतली आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मोबाईल फॉर्मचा इतिहास छोटा आहे. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेटानो बोरिएलो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, त्यात यॉ अनोक्वा आणि कार्ल हार्टुंग होते, ओपन डेटा किट म्हणजे ओडीकेचं काम सुरू केलं. नेट नसलेल्या भागात साध्या फोनवर फॉर्म भरायचा, त्यातच फोटो, आवाज, ठिकाण घ्यायचं आणि रेंज मिळाली की पाठवायचं, ही त्यामागची कल्पना. सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं असल्याने त्याला फांद्या फुटत गेल्या. हार्वर्डच्या मानवतावादी कार्याच्या केंद्रातून कोबोटूलबॉक्स आलं. त्याचं फोनवरचं ॲप ओडीकेच्याच पायावर उभं आहे, आणि आपल्याकडच्या संस्थांमध्ये आज ते खूप वापरलं जातं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून एपिकलेक्ट निघालं, डिमागी कंपनीने कॉमकेअर केलं, भारतात अवनी तयार झालं. या सगळ्यांत फोटो फॉर्मच्या पोटात असतो. प्रश्न विचारला, उत्तर आलं, त्याच प्रश्नाखाली फोटो काढला. मी याला फॉर्मचं घराणं म्हणतो, आणि हे पुस्तक मुख्यतः याच घराण्याचं आहे.

दुसरं घराणं सरकारी ॲपचं. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी, अंगणवाडीतलं पोषण ट्रॅकर, घरकुलाचे टप्पे, आणि शेतकऱ्याच्या सगळ्यात ओळखीची ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर लागू झाली. आधी सातबाऱ्यावर पीक लावायचे ते तलाठी. आता शेतकऱ्याने स्वतः गटात उभं राहून पीक निवडायचं आणि फोटो काढायचा. नंतरच्या सुधारित ॲपमध्ये फोटो गटाच्या ५० मीटरच्या आतूनच घ्यावा लागतो. या घराण्याची ताकद मोठी आहे, कारण फोटो थेट जमिनीच्या नोंदीला जोडला जातो. पण ज्याने फोटो काढला त्याच्या हातात मागे काही उरत नाही. फोटो वर जातो, आणि तो नीट पोचला का, कुणी पाहिला का, हे खालच्या माणसाला सहसा कळत नाही.

तिसरं घराणं कुणी ठरवून काढलं नाही, पण गावोगाव तेच सगळ्यात जास्त चालतं: जीपीएस मॅप कॅमेऱ्यासारखं ॲप आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप. फोटोच्या खालच्या पट्टीत गाव, अक्षांश-रेखांश आणि वेळ छापली जाते, आणि फोटो साहेबांच्या ग्रुपवर जातो. याला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. ठिकाण माणसाला वाचता येईल अशा रूपात फोटोवरच राहतं, ही मोठी सोय आहे. फोटो कितीही हातांतून गेला तरी ती पट्टी पुसली जात नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा असे हजार फोटो एका तक्त्यात बसवायचे असतात. छापलेली पट्टी यंत्राला सरळ वाचता येत नाही, आणि जीपीएसने मागचंच ठिकाण धरून ठेवलं असेल तर पट्टीवर शेजारच्या वाडीचं नाव येतं.

निसर्ग अभ्यासकांचं चौथं घराणंही आहे. राधानगरीच्या जंगलात किंवा मसाई पठारावर फुलांची नोंद करणाऱ्यांकडून फोटोला स्वतंत्र ओळख कशी द्यावी हे शिकण्यासारखं आहे. या पुस्तकात त्याचा उल्लेख ओघाने येतो.

आता दुवा तुटतो तो नेमका कुठे, ते जरा जवळून पाहू. ओडीके किंवा कोबोमध्ये फॉर्म जतन केला की फोनमध्ये त्या एका फॉर्मचं एक फोल्डर तयार होतं. त्यात उत्तरांची एक फाइल असते आणि शेजारी फोटो. उत्तरांच्या फाइलमध्ये फोटो नसतो, त्याचं फक्त नाव असतं. हे फोल्डर ॲपच्या स्वतःच्या जागेत असतं, त्यामुळे गॅलरीत हे फोटो दिसत नाहीत. ‘फोटो निघालाच नाही वाटतं’ म्हणून कुणी पुन्हा साध्या कॅमेऱ्याने काढतं, आणि एका भिंतीचे दोन फोटो होतात, एक नोंदीचा आणि एक बेवारस. त्याहून मोठा धोका पुढे आहे. फोन जड झाला म्हणून कुणी ॲपच काढून टाकलं, तर न पाठवलेले फॉर्म आणि फोटो त्याच्याबरोबर जातात. नवीन अँड्रॉइडमध्ये ही जागा फोनवरून सहज उघडताही येत नाही. केबल लावून संगणकावरून पाहावं लागतं. हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर दहाव्या दिवशी सांगून उपयोग नसतो.

मग येतो आकार. आजच्या साध्या फोनचा पूर्ण फोटो तीन-चार एमबीचा असतो. तीनशे घरं, प्रत्येकी चार फोटो, म्हणजे चार-पाच जीबी. गगनबावड्यात किंवा चंदगडच्या आतल्या वाड्यांत हे चढवायला रात्र पुरत नाही. फॉर्म तयार करतानाच फोटोची लांब बाजू किती पिक्सेलची ठेवायची हे सांगता येतं. ती हजाराच्या आसपास ठेवली तर तोच फोटो दोन-तीनशे केबीवर येतो आणि सगळं काम साधारण तीनशे एमबीत बसतं. पण ही मर्यादा सरसकट लावणं मला पटत नाही. घराच्या दर्शनी बाजूला हजार पिक्सेल पुरतात. भिंतीतली भेग, मीटरवरचा आकडा, घरपट्टीची पावती यांना पुरत नाहीत, त्यांना दुप्पट-तिप्पट हवेत. प्रश्नागणिक मर्यादा वेगळी ठेवता येते, आणि ती ठेवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

पाठवतानाही एक साधी गोष्ट निसटते. फॉर्म पूर्ण करणं आणि पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मुलं ‘झालं’ म्हणतात तेव्हा बहुधा पहिलं झालेलं असतं. रोज संध्याकाळी, मुक्काम हलण्याआधी, प्रत्येक फोनवर किती फॉर्म भरले आणि सर्व्हरवर किती आले याचा हिशेब वहीत मांडायचा, आणि फॉर्मच्या संख्येवर न थांबता फोटोंचीही संख्या जुळवायची. ओडीकेच्या सर्व्हरवर प्रत्येक नोंदीत किती फोटो अपेक्षित होते आणि किती पोचले हे दिसतं. रेंज अर्ध्यात गेली तर उत्तरं पोचलेली आणि फोटो अडकलेले, असंही होऊ शकतं. हा हिशेब जुळल्याशिवाय फोनमधून काहीही पुसायचं नाही.

सर्व्हरवरून उतरवून घेतलं की एक तक्ता मिळतो आणि फोटोंचं एक फोल्डर. इथे सगळ्यांचा हात एक्सेलकडे जातो, आणि बहुतेक अपघात इथेच होतात. कुणी एकच रकाना निवडून क्रम लावतं आणि बाकीचे जागेवर राहतात. एका क्षणात सगळे फोटो शेजाऱ्याच्या घराला चिकटतात, आणि तक्ता मात्र दिसायला नीटनेटका असतो. कुणी नाव छोटं करायला ‘डॉट जेपीजी’ काढून टाकतं, मग एक्सेलला तो तेरा आकडी आकडा संख्या वाटते आणि तो ‘१.६२७९७ई+१२’ असा दाखवला जातो. त्याच अवस्थेत सीएसव्ही म्हणून जतन केलं की उरलेले आकडे कायमचे जातात. मराठीत भरलेली नावं सरळ उघडली तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते, म्हणून कुणी गावांची नावं इंग्रजी अक्षरांत पुन्हा टाइप करतं आणि एका गावाची चार स्पेलिंगं होतात. या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो पुस्तकात पायरीपायरीने दिला आहे. गावाच्या नावाऐवजी शासनाच्या स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेतला गावाचा कोड वापरायचा, ही त्यातली पहिली पायरी. दोन चिखल्यांचा गोंधळ तिथेच मिटतो.

आणि ती पुरातत्त्वाकडून घेतलेली सूचना. एक पाटी घ्यायची, साधी शाळेची. तिच्यावर खडूने गावाचा कोड, घराचा सर्व्हे क्रमांक आणि तारीख लिहायची, आणि प्रत्येक घराच्या पहिल्या फोटोत ती धरायची. धरायला घरातलंच कुणीतरी हौसेने पुढे येतं. नंतरचे फोटो ठरल्या क्रमाने: आधी पूर्ण घर, मग मोडलेला भाग, मग पाण्याची रेघ, तिच्याशेजारी मोजपट्टी. सर्व्हर बंद पडो, तक्ता बिघडो, फोटो दहा फोनांतून फिरो, पाटीवरचा क्रमांक फोटोतच राहतो. मी जी जी ॲप वापरली आणि शिकवली, त्यांतल्या कुठल्याही सुविधेपेक्षा माझा या पाटीवर जास्त विश्वास आहे.

हे सगळं आत्ता लिहायची गरज का वाटली, त्याला कारणं आहेत. सरकारी निर्णयांत फोटोचं वजन दर वर्षी वाढतं आहे. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपाआधी पीक विम्यात स्थानिक नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असे आणि ॲपवरून देताना फोटो जोडावे लागत. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा शेतकऱ्यांनी मोबाईलवर काढलेले फोटोही पंचनाम्यासाठी ग्राह्य धरण्याची भूमिका राज्य सरकारने घेतली. ती चांगलीच आहे. पण फोटो ग्राह्य धरायचा तर तो कुठला, कधीचा, कुणाचा हे सांगता आलं पाहिजे. न्यायालयातही तेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश नोंदवायची असते. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेली खूण. फाइलमध्ये तिळभर बदल झाला तरी ती बदलते. मूळ फोटोला हात लावायचा नाही, नाव बदलायचं ते प्रतीचं, हा नियम आम्ही पुस्तकभर पुन्हा पुन्हा सांगतो तो यासाठी.

दुसरं कारण जास्त अस्वस्थ करणारं आहे. फोटो जमतात, पण ते कुणी पाहत नाही. रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवायचा नियम आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाने राज्यांना लिहिलेल्या पत्रात गैरप्रकारांची यादीच दिली: कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोवरून काढलेले फोटो, नोंदीतली संख्या आणि फोटोतली माणसं यांचा मेळ नसणं, तीच माणसं वेगवेगळ्या हजेरीपटांवर. हे फोटो चढत होते तेव्हा यंत्रणेने ते निमूट घेतले. ठिकाण आणि वेळ तपासणारं यंत्र फोटोत माणसं आहेत की नाहीत हे पाहत नव्हतं, आणि पाहण्याचं काम कुणाला नेमून दिलेलं नव्हतं. रोजगार हमी ही मूळची महाराष्ट्राची देणगी, म्हणून हे वाचताना जास्त लागतं. त्यात भरडला जातो तो खरोखर कामावर आलेला मजूर. रेंज नसल्याने त्याचा दुपारचा फोटो चढला नाही, तर त्याची मजुरी अडते.

फोटो काढणाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन कमी क्षमतेचे, सतत बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि वर इंग्रजीतलं ॲप. त्यांचं म्हणणं रास्त होतं. माहिती गोळा करणाऱ्याच्या फोनची जागा, त्याचा डेटा पॅक, त्याची संध्याकाळ या सगळ्याला किंमत असते, आणि फोटोचं नियोजन करताना ती धरलीच पाहिजे. एका घराचे बारा फोटो मागणाऱ्या फॉर्मला आमचा विरोध आहे. चार नेमके फोटो पुरतात, आणि ते काढणाऱ्यालाही का काढतो आहोत ते समजतं.

आणि ज्यांचा फोटो निघतो ते. पूर ओसरल्यावर घरात शिरलेल्या कॅमेऱ्याला कपड्यांची दोरी दिसते, देव्हारा दिसतो, झोपलेलं मूल दिसतं, रेशनकार्ड आणि आधारकार्ड दिसतं. त्या दिवसांत कुणी ‘नको’ म्हणत नाही, कारण ‘नको’ म्हटलं तर मदत जाईल अशी धास्ती असते. अशा वेळी मिळालेल्या होकाराची जबाबदारी घेणाऱ्यावर अधिक पडते. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याची माहिती पुस्तकात आहे, पण आम्ही त्याच्यापुढे जाऊन काही मागतो. चेहरे गरजेपुरतेच घ्या. आधारकार्डाचा फोटो काढूच नका; फार तर शेवटचे चार आकडे लिहून घ्या. फोटो किती वर्षं ठेवणार आणि मग काय करणार हे त्या घरात, त्यांच्या भाषेत सांगा. ज्यांच्या घराचे फोटो आहेत त्यांना ते मागितल्यावर मिळाले पाहिजेत. बहुतेक संस्थांना हे अवघड वाटतं, पण क्रमांक नीट असले की यात अवघड काही नसतं.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगतो. हे कुठल्या एका ॲपचं माहितीपत्रक नाही. ॲप बदलतात, ओडीकेचाच जुना सर्व्हर आणि फोटो उतरवून घ्यायचं जुनं साधन मागे पडून त्यांची जागा नव्याने घेतली, आणि जुन्या पद्धतीवर विसंबलेल्या संस्थांना सगळं पुन्हा शिकावं लागलं. म्हणून पडद्यावर कुठलं बटण कुठे आहे याची चित्रं आम्ही कमीत कमी दिली आहेत. भर आहे तो कामाच्या क्रमावर: फॉर्ममध्ये फोटोचा प्रश्न कसा लिहावा, गावात तो कसा काढावा, रोज कसा मोजावा, कसा उतरवावा, प्रतीला नाव काय द्यावं, कुठे ठेवावा, कुणाला द्यावा आणि कधी पुसावा. प्रोग्रामिंग येत नसलेल्या माणसाला हे पुस्तक वापरता यावं, ही अट लिहिताना पाळली आहे. दोन ठिकाणी थोडी आज्ञावली आहे, तीही ओळीओळीने मराठीत समजावून. फोटोंवरून नुकसानीचा अंदाज आपोआप काढणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रकरण नाही. ते मुद्दाम वगळलं. ज्या फोटोंची नोंद जुळत नाही, त्यांच्यावर चालवलेलं कुठलंही यंत्र चुकीच्या घराला मोठ्या आत्मविश्वासाने पैसे देईल.

साठवणुकीवरचं प्रकरण मात्र कोल्हापूरकर म्हणून जरा सविस्तर लिहिलं आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम. इथे त्याला एक जोड हवी: त्यातली एक प्रत पूररेषेच्या वर. २०१९ मध्ये व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या भर शहरातल्या भागांत पाणी होतं. तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क ही पुराच्या नोंदीसाठी सुरक्षित जागा नाही.

वाचकांमध्ये समाजकार्याचे विद्यार्थी असतील, ग्रामपंचायतीत डेटा भरणारी मुलं-मुली असतील, कृषी सहायक आणि संस्थांचे कार्यकर्ते असतील. सगळ्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं अशी अपेक्षा नाही. ज्याच्याकडे आजच फोटोंचा ढीग पडून आहे, त्याने थेट तक्ता आणि फोटो जुळवण्याच्या प्रकरणाकडे जावं. ज्याचा सर्व्हे पुढच्या महिन्यात आहे, त्याने पाटीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पुस्तकाच्या शेवटी पाटीचा नमुना, रोजच्या हिशेबाचं पान आणि घरमालकाला वाचून दाखवायचं संमतीचं निवेदन दिलं आहे. त्यांच्या हव्या तितक्या झेरॉक्स काढाव्यात, आपल्या गावाप्रमाणे बदलाव्यात, आमचं नाव घालायची गरज नाही. संमतीचं निवेदन तेवढं आपल्या भागातल्या बोलीत करून घ्यावं, आणि सर्व्हेला निघण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवून त्याला ते कळतंय का, हे पाहावं.